आखाजीचं आवतन

“पितर म्हणून त्याला बसवणार? झुलालला?” तोतारामनं चहाची बशी तशीच खाली ठेवली. “अक्का, विहिरीत पडलीस तेव्हा डोक्यालाही मार लागला होता का?”

“कमरेला लागला होता,” बेबाबाई म्हणाली. “डोकं शाबूत आहे. चहा पी.”

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्यांच्या नावानं घागर भरायची, आणि त्यांच्या वाटचं जेवायला बाहेरचा एक जिवंत माणूस पाटावर बसवायचा, ही जळगावकडची रीत. बेबाबाईकडे अठरा वर्षं तो मान शेजारच्या तोतारामचा होता. अठरा वर्षांचा आमरस त्याच्या पोटावर दिसतही होता.

“खुनी आहे तो. धुळ्याकडं एकाला मारून विहिरीत टाकलं त्यानं. चौदा वर्षं आत होता.”

“भोगून आला ना?”

“भोगलं म्हणून हात बदलतो?”

“त्याच हातानं मला वर काढलं, तोताराम. तू काठावर उभा राहून दोर आणा, दोर आणा करत होतास.”

तोतारामनं चहा पिऊन टाकला.

गावानं मात्र विनोद करून विषय मिटवला होता. एक विहिरीत टाकला, एक विहिरीतून काढली, फिट्टंफाट.

भाद्रपदातली गोष्ट. केळीच्या बागेमागच्या पडक्या विहिरीशी बेबाबाई गवत कापत होती, तो काठच खचला. झुलाल त्या बागेचा राखणदार. तुरुंगातून सुटल्यावर तो आपल्या गावी गेलाच नाही. पूर्वी केळी कापणाऱ्यांच्या टोळीबरोबर या शिवारात यायचा, तेवढ्या ओळखीवर हीच बाग मागून घेतली. तो धावत आला आणि दोर न मागता आत उतरला. कुठल्या कपारीत पाय ठेवायचा ते त्याला न बघता कळत होतं. तिला पाठीवर घेऊन तो वर आला, आणि ती खोकत असतानाच त्यानं विचारलं,

“अक्का, तळले पाय लागनात का?”

“नाही रे, तळाला नाही लागले.”

“बरं व्हयनं,” तो म्हणाला आणि बाजूला जाऊन बसला.

जळगावच्या दवाखान्यात ती वीस दिवस होती. झुलाल दर रविवारी एसटीनं यायचा, वॉर्डाच्या दाराशी उभा राहायचा, केळी द्यायचा आणि जायचा. नर्सनं एकदा विचारलं, “भाऊ का तुमचे?”

बेबाबाईनं केळी उशाशी ठेवली. भाऊ तिला एकच, नवल. तो बावीस वर्षांपूर्वी घरातून गेला तो गेलाच. वडिलांशी, आप्पांशी, भांडून निघाला होता. केळी कापणाऱ्यांच्या टोळीतल्या कोणीतरी त्याला सुरतेच्या गाडीत चढताना पाहिल्याचं सांगितलं होतं. तेवढ्या एका शब्दावर आई, भिकुबाई, बावीस वर्षं जगली होती. सुरतेहून येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारायची, “माहा नवल दिसला का?” बेबाबाई सासर वर्षभरात आटोपून घरी परतलेली. तिचं मागणं आता एकच उरलं होतं: आई आहे तोवर तो यावा. चिडलेला येवो, टक्कल पडलेला येवो, बायको-पोरांना घेऊन भांडायला येवो. पण यावा.

आप्पा गेले त्या वर्षी तोताराम चाचरत म्हणाला होता, “नवलचंही बोट ओढायचं का?” आखाजीला सकाळी एकेका पितराचं नाव घेत उंबऱ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढतात. भिकुबाईनं कुंकवाची वाटी त्याच्या अंगावर फेकली होती. “जित्या पोराचं बोट ओढतो? तुह्यं ओढू का?” पुन्हा कोणी विषय काढला नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी बेबाबाई काठी टेकत बागेत गेली.

“उद्या जेवायला यायचं. पितर म्हणून.”

झुलालच्या हातातली बादली कलंडली. “माले नका बसाडू, अक्का.”

“का?”

“मी त्या पाटवरला मानूस नही.”

“ते मी ठरवीन. माझा जीव तुझा आहे. दुसरं काय देऊ तुला? मागून तर काही घेत नाहीस.”

त्यानं बागेमागच्या पडक्या विहिरीकडे पाहिलं. मग म्हणाला, “उंबरावर कोनकोनं बोट वढतस तुम्ही?”

“आजोबांचं आणि आप्पांचं. दोनच.”

“दोनच?”

“दोनच. मोठा गोतावळा नाही आमचा.”

“येसू मी,” झुलाल म्हणाला.

सकाळी घागर भरली. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या. चुलीत पितरांच्या नावानं घास टाकला. भिकुबाई ओसरीत खाटेवर बसून देखरेख करत होती आणि पुरण पातळ झालंय म्हणून कुरकुरत होती. तोतारामही आला. रुसवा होता, पण आमरसही होता.

झुलाल धुतलेला सदरा घालून आला. बेबाबाईनं त्याच्या पायांवर पाणी घातलं, तसा तो आक्रसला.

“ये आत. पान वाढलंय.”

तो उंबऱ्याशीच थांबला. खाली वाकला. कुंकवाची ती दोन बोटं बघत राहिला.

“ये ना रे बाबा,” भिकुबाई खाटेवरून म्हणाली. “माह्या लेकीला वाचवलं तू. तू तं माह्या नवलच्या जागी.”

झुलाल गुडघ्यांवर बसला. त्यानं कुंकवाच्या वाटीत बोट बुडवलं आणि आप्पांच्या बोटाशेजारी तिसरं बोट ओढलं.

“एक र्‍हायी गयं व्हतं, माय,” तो म्हणाला. “नवलभाऊचं.”