खुर्चीचं शेवटचं व्हर्जन

खुर्ची टेबलाच्या पायावर आदळली आणि बाबा हसले. "नाचता येईना, अंगण वाकडं! टेबल सरकवा रे कुणीतरी."

मुलाला हसू आलं नाही. ती व्हीलचेअर त्याच्याच कंपनीची होती आणि तिच्यातला प्रोग्रामही त्यानंच लिहिलेला. जॉयस्टिकवर बाबांचा हात थरथरायचा. त्यातली थरथर गाळून त्यांना कुठं जायचंय ते प्रोग्रामनं तत्क्षणी ओळखायचं. पण आजार काही थांबत नव्हता. कंप वाढला की मुलगा सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप घेऊन यायचा आणि गाळणी आणखी बारीक करायचा. मग खुर्ची उशिरा ऐकायची आणि कुठंतरी आदळायची. पुन्हा नवं व्हर्जन. त्याचे डोळे खोल गेले होते. आईला ते बघवत नव्हतं.

"हे शेवटचं," केबल काढत तो म्हणाला. "याच्यापुढे मला काही सुचत नाही, बाबा."

"अरे, जमेल. तू खिडकीपाशी जाऊन उभा राहा. मी येतो तिकडं."

मनात येईल तेव्हा खिडकीपर्यंत जायचं, एवढंच आता बाबांच्या हातात उरलं होतं. तेही गेलं तर? मुलाला बघायचा धीर होईना. तो क्षणभर बाहेरच बघत राहिला.

वळला तेव्हा खुर्ची निघाली होती. बाबांचा हात जॉयस्टिकवर थरथरतच होता. आई नेहमीसारखी मागं, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. खुर्चीनं टेबलाला सुरेख वळसा घातला, सरळ आली आणि त्याच्यासमोर अलगद थांबली.

"बघ! आवाजसुद्धा गेला तिचा," बाबा म्हणाले. "तुझ्यापेक्षा जास्त ऐकते माझं."

त्याला रडूच फुटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच आनंदानं. तो खाली बसला आणि लहानपणासारखं बाबांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं.

तिथून त्याला मागच्या चाकाजवळचा खटका दिसला. बॅटरी संपली तर तो खाली पाडून मोटर सुटी करता यावी आणि खुर्ची हातानं ढकलता यावी, म्हणून दिलेला.

खटका खाली पाडलेला होता. वर आईला लागलेली धाप ऐकू येत होती.

बाबांनी थरथरता हात त्याच्या केसांवर ठेवला.

"आता काही बदलू नकोस रे," ते म्हणाले. "घरी जा. झोप जरा."