मान वळवलेलं कोकरू

फेलिक्सच्या स्टुडिओच्या काचेत ईस्टरचा फोटो लागला, तसा लुत्सियान दुकानाला कुलूप घालून तो बघायला गेला. दरवर्षी जायचा. ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळी पोलिश वस्ती खाण्याच्या टोपल्या घेऊन चर्चच्या तळघरात जमते आणि फादर त्यांवर पवित्र पाणी शिंपडतात. लुत्सियान नेमका तेव्हा उशिरा आलेल्या गिऱ्हाइकांना लोणी न् मलई देत असतो. त्यामुळे त्याने साच्यातून काढलेली लोण्याची कोकरं टोपल्यांत बसून कशी दिसतात, ते त्याला या फोटोतच दिसायचं.

"आत ये की," फेलिक्स म्हणाला. "परक्यासारखा काचेतून काय बघतोस? यंदा मोठा काढलाय. अंड्यांवरची नक्षीसुद्धा दिसते बघ."

लुत्सियान आत गेला. लांबलचक टेबल, त्यावर टोपल्यांच्या रांगा, बाजूला सारलेली पांढरी फडकी. हॅम, सॉसेज, रंगवलेली अंडी, आणि प्रत्येक टोपलीत लोण्याचं एक कोकरू. त्याने चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटोला नाक लावलं.

त्याचं कोकरू मान वळवून मागे बघतं. साचा त्याच्या वडिलांनी कोरलेला. तसं कोकरू या शहरात दुसरं कुणी करत नाही. फोटोतली कोकरं समोर बघत होती. पहिल्या रांगेतली, मग दुसऱ्या रांगेतली.

ही कोकरं त्याने पाहिली होती. कोपऱ्यावरच्या नव्या मोठ्या दुकानाने पेपरात पानभर जाहिरात दिली होती, तिच्यात ती अशीच ओळीने बसली होती. लुत्सियानने ते पान काउंटरवर पसरलं होतं आणि सगळ्या बायका पोट धरून हसल्या होत्या. "ही कसली कोकरं, हे तर भरतीला आलेले शिपाई!" असं म्हणाली होती ती त्याची जुनी गिऱ्हाईक तेक्लाच. त्याच दुकानाचा माणूस ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत येऊन गेला होता. आमचं लोण्याचं काउंटर तुम्ही सांभाळा, म्हणाला. लुत्सियानने त्याला दार दाखवलं. "ही वस्ती माझं कोकरू खाते," असं त्याला ऐकवलंसुद्धा. बायको ब्रोनिया तेव्हा तिथेच काच पुसत होती. तशीच पुसत राहिली.

"तेक्लाची टोपली कुठली?"

"ही. का रे?"

"कारखान्यात काम कमी झालंय, यंदा आमच्याकडे टोपलीच नाही, असं म्हणाली होती. बाकीच्याही तसंच म्हणाल्या."

फेलिक्स खाकरला. "अरे, बायकाच त्या. नव्या दुकानात ती चाकाची गाडी ढकलत फिरायला मिळते ना, भुलतात. पुढच्या वर्षी येतील मुकाट्याने." मग त्याला धीर यावा म्हणून म्हणाला, "आणि एक तर तुझं असणारच की. ब्रोनियाचं." त्याचं बोट रांगेवरून फिरत गेलं आणि एका टोपलीपाशी थांबलं. तिच्या तुटक्या कडीला लुत्सियानने स्वतः तांब्याची तार गुंडाळलेली होती.

त्या टोपलीतलं कोकरूही समोरच बघत होतं.

फेलिक्सने बोट काढून घेतलं. "फ्लॅशमुळे कधी कधी..." असं काहीतरी म्हणाला.

घरी ब्रोनिया बटाटे सोलत बसली होती.

"आपल्या टोपलीत कुठलं कोकरू होतं?"

तिचे हात थांबले नाहीत. "बघून आलास वाटतं फोटो."

"ब्रोनिया."

"सगळ्यांच्या टोपल्यांत तेच होतं," ती म्हणाली. "मी एकटीनंच तुझं घेऊन बसायचं? तेक्ला काय म्हणाली असती, ठाऊक आहे? 'बिचारी, नवऱ्याचं खपलं नाही ते उचलून आणलंन.' मला नाही सोसत तसलं."

"आणि रविवारी सकाळी मी कापलं ते?"

"ते तुझंच. दुकानातनं आणलेलं."

"म्हणजे चर्चला न गेलेलं."

ती बटाट्याचे डोळे काढत राहिली.

ईस्टरच्या रविवारी तो नेहमीसारखा टेबलाच्या टोकाशी उभा राहिला होता. मुलगी, जावई, नातवंडं क्लीव्हलंडहून आलेली. पवित्र झालेला घास आधी पोटात जायचा, मग बाकीचं जेवण. त्याने कोकरू कापून प्रत्येकाच्या पावावर एकेक तुकडा ठेवला होता, प्रत्येकासाठी आशीर्वाद मागितला होता. ब्रोनियानेही मान लववून आपला तुकडा घेतला होता.

"मग फादरनी पाणी शिंपडलेलं कुठंय?"

ब्रोनियाने फ्रिजकडे मान केली.

दुधाच्या बाटल्यांमागे, मेणकागदात, ते अख्खंच्या अख्खं होतं. कानसुद्धा मोडला नव्हता. त्याने ते उचललं आणि तो कचऱ्याच्या डब्याकडे वळला.

"टाकू नकोस!" ब्रोनिया ताडकन उठली. मांडीवरची सालं जमिनीवर पडली. "पवित्र केलेलं आहे ते."

हे त्याला सांगायची गरज नव्हती. त्याच्या आईने तर पवित्र अंड्यांची टरफलंही कधी कचऱ्यात टाकली नव्हती, चुलीत घालायची. तो डब्यापासून मागे वळला. मग टेबलापाशी आला, बसला आणि कागद सोडवला. छातीवर क्रूस काढला. पावाचा तुकडा कापला, कोकराच्या पाठीत सुरी घातली, लोणी पावावर नीट कडेपर्यंत पसरलं आणि खाऊ लागला.

ब्रोनिया भिंतीला टेकून बघत होती. बऱ्याच वेळाने तिने हळूच विचारलं, "कसं आहे?"

लुत्सियानने घास जिभेवर घोळवला. उभा जन्म त्याने लोण्यात घालवला होता.

"चांगलं आहे," तो म्हणाला आणि पावाचा दुसरा तुकडा कापायला घेतला.