राखवीराचा ताईत

धाकट्या बहिणीनं टेबलावर कागदाचा तुकडा आपटला. चित्रकार बाईंच्या हातातला ब्रश जागच्या जागी थांबला.

"ताई, हे तुझंच ना?"

तिचंच होतं. 'राखवीर'च्या गेल्या अंकातलं शेवटचं पान. लढाई सुरू झाल्यापासून लोकांच्या त्या चित्रकथेवर उड्या पडत होत्या. राखवीर मसणातली राख फासायचा, मंतरलेला ताईत छातीवर बांधायचा, आणि शत्रूच्या गोळ्या त्याच्या अंगावर ढेकळासारख्या फुटायच्या. छापखान्याच्या मालकांनीच सांगितलं म्हणून बाईंनी तो ताईत कापून घेता येईल एवढा मोठा काढला होता. आता त्याच्या मधोमध भोक होतं. कडा रक्त वाळून तपकिरी झाल्या होत्या.

बहीण लष्करी इस्पितळात नर्स होती. थेट ड्यूटीवरून आली होती.

"या आठवड्यात अकरा जण हा बांधून आले. दोघांनी तर चिलखत काढून ठेवलेलं. जड होतं म्हणे! हा त्यातल्या एकाचा. एकोणीस वर्षांचा. जीव जाईपर्यंत मलाच विचारत होता, मंत्र म्हणताना माझं कुठं चुकलं?"

बाई तो तुकडा घेऊन तडक मालकांच्या खोलीत गेल्या.

"वाईट झालं," मालक म्हणाले. "पण पोरांना धीर लागतो, बाई. पुढच्या अंकात ताईत रंगीत देऊ."

"रंगीत? मग भोकही छापूनच द्या! गोळीला जागा शोधायला नको!"

"आवाज खाली. राखवीर माझा आहे. तुम्ही नुसता काढता."

बाईंनी परत येऊन नव्या अंकाचं तयार पान टराटरा फाडलं. दुपारपर्यंत मान वर केली नाही. नव्या पानावर राखवीर चिखलात उताणा पडला होता, ताईतातून रक्त येत होतं. खाली लिहिलं होतं : 'हा कागद आहे. चिलखत काढू नका.'

मशीनवाल्या काकांनी ते पान दोनदा वाचलं.

"मी थोरल्या पोराला आघाडीवर धाडलाय हा ताईत," ते म्हणाले. "वर चिठ्ठीत लिहिलं, आंघोळ करून बांध."

काकांनी त्या पानाची प्लेट करून मशीनवर चढवली.

मालक धावत आले. "कुणाला विचारून? बंद करा! उद्यापासून दोघंही घरी बसा!"

काकांनी खटका ओढला. मशीन धडधडायला लागलं. मालकांचं तोंड हलत होतं, शब्द कळत नव्हता. ते खटक्याकडे झेपावले तशा बाई मध्ये उभ्या राहिल्या, शाईनं काळे झालेले दोन्ही हात पसरून.

काकांनी पहिलं पान ओढून काढलं, शाई ओली असतानाच त्याची घडी घातली, आणि आघाडीची टपाल गाडी सुटायच्या आत गाठायची म्हणून तसेच अनवाणी रस्त्यावर पळत सुटले.