जड काडतूस

टेबलावर दोन काडतुसं उभी होती. एक बोटाएवढं, दुसरं त्याहून चांगलंच लांब आणि जाड.

"उस्ताद, तुम्ही बोला," कर्नलसाहेब म्हणाले. "लांब पल्ल्याच्या नेमबाजांना यातलं कुठलं द्यायचं?"

उस्तादाने मोठ्यावर बोट ठेवलं. "थ्री थर्टी-एट, साहेब."

खोलीत हशा पिकला. हत्यारखान्यात केस पांढरे झालेला हा माणूस जन्मभर त्या लहान काडतुसाचे, सेव्हन सिक्स्टी-टूचे, गोडवे गात आला होता. बंदूक हलकी, धक्का माफक, माणूस दिवसभर डोंगर चढू शकतो, हे त्याचं तुणतुणं सगळ्यांना पाठ होतं.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय?" कर्नलसाहेबांनी विचारलं.

उस्ताद हसला नाही. जड गोळी वाऱ्याला दाद देत नाही, तो म्हणाला. पल्लाही जवळजवळ दुप्पट मिळतो. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पण कारण ते नव्हतं.

कारण घरी होतं. थोरला मुलगा नेमबाज म्हणून सीमेवर गेला आणि पेटीतून परत आला. आता धाकट्याने त्याच तुकडीसाठी नाव दिलं होतं. समजावून झालं, रागावून झालं, पोरगा ऐकेना. लहानपणी झाडावरून पडून त्याच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण कच्चंच राहिलं. हलक्या बंदुकीचा धक्का त्या खांद्याने कसाबसा सोसला असता. जड बंदुकीचा सोसणं शक्यच नव्हतं. उस्तादाने दोन्ही स्वतः झाडून पाहिल्या होत्या. तुकडीत घेण्याआधीच्या चाचणीत ठरलेल्याच बंदुकीने लागोपाठ गोळ्या झाडाव्या लागतात. पोरगा अर्ध्यातच हात टेकेल, नापास होईल, घरी राहील. चिडेल, बापाचं तोंड बघणार नाही. न बघू दे. जिवंत तर राहील.

"ठरलं तर मग," कर्नलसाहेब म्हणाले आणि लहान काडतूस खणात टाकलं.

संध्याकाळी धाकट्याच्या कानावर बापाच्या निवडीची बातमी गेली. त्याने बापाकडे बराच वेळ पाहिलं. मग सामान बांधलं आणि सरावासाठी छावणीत राहायला गेला. उस्तादाने त्याला अडवलं नाही.

चाचणीच्या दिवशी उस्ताद मैदानाकडे फिरकला नाही. हत्यारखान्यात बसून एकच नळी पुसत राहिला. धाकट्याची पाळी होती; लांबून बार ऐकू येत होते. ते मध्येच थांबले. उस्तादाने सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच त्याला स्वतःचीच लाज वाटली. थोड्या वेळाने बार पुन्हा सुरू झाले.

दुपारी पोरगा दारात येऊन उभा राहिला. शर्टाची बटणं उघडी, खांदा सुजून काळानिळा पडलेला. उजवा हात नुसता लोंबत होता. चेहऱ्यावरचा आनंद मात्र लपत नव्हता.

"पास झालो, बाबा! परवा निघायचंय."

उस्तादाने हातातली नळी बाकावर ठेवली.

"एवढं दुखत होतं, तर सोडून का नाही दिलंस?" त्याने कसंबसं विचारलं.

पोरगा बाकावर त्याला खेटून बसला.

"मध्ये सोडलंच होतं. बंदूक खाली ठेवली होती. मग म्हटलं, माझा खांदा बाबांइतका कोणाला माहीत नाही, तरी त्यांनी हीच बंदूक निवडली. त्यांना एवढी खात्री आहे, तर नाही म्हणणारा मी कोण?"