करदोडा

"घाव पुढनं बसला का मागनं?" आप्पासोनं विचारलं.

नाथाजी जरा अडखळला. जहाजावर, पुण्याच्या दवाखान्यात, काल उंब्रजच्या हॉटेलात, त्यानं ही हकिकत इतक्यांदा सांगितली होती, की ती आता घोटून गुळगुळीत झाली होती. कुणी तलवार केवढी होती ते विचारायचं, कुणी जपानी दिसतो कसा ते. हे कुणी विचारलं नव्हतं. पण बापाचं काळीज. पोरगं पाठ दाखवून मेलं नाही, एवढं ऐकायचं असणार.

"पुढनं, आप्पा. मानसिंगानं छातीवर घेतला."

"हं." आप्पासो पुन्हा कोयता दगडावर घासू लागला. ऊसतोड तोंडावर आली होती.

तेवढ्यात नाथाजीनं रान नजरेखालून घातलं. विहिरीला पाणी, दावणीला चार बैल, डोक्याच्या वर गेलेला ऊस, आणि गावापासून लांब ही एकटी वस्ती. मानसिंग त्याचा पलटणीतला जोडीदार. कैदेत तो याच रानाचं वर्णन करायचा, बांध न् बांध. थापा मारत नव्हता गडी. आता घरात माणसं दोन, म्हातारा आणि मानसिंगाची बायको हरणाबाई.

ती चुलीपुढं भाकरी थापत होती. नवरा मेल्याचं कळून घटका झाली, तरी कपाळाचं कुंकू जागेवर होतं, हातातला चुडा फुटला नव्हता. डोळ्याला पदरसुद्धा नाही. पाच वर्षं वाट बघून बाई आतून वाळली असणार, असा हिशेब नाथाजीनं मांडला. तो त्याच्या सोयीचाच होता. त्यांच्यात विधवेचा पाट लावायची रीत होती. फक्त पहिला मेल्याची खात्री लागायची, आणि सरकारी कागदात मानसिंग अजून नुसता बेपत्ता होता.

"पहिल्यापासनं सांग," आप्पासो म्हणाला. "बेताबेतानं. आता काय घाई हाय?"

नाथाजीनं सांगितलं. सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांनी दोघांना धरलं, जहाजात कोंबलं आणि एका बेटावर नेऊन टाकलं. नुसती झाडी, चिखल आणि डास. दगड उचलायला उशीर झाला, की बंदुकीच्या दस्त्यानं दात पाडायचे. एक दिवस दोघं पळाले. झाडी तुडवत गेले, तेव्हा समुद्राकाठी खांबांवर उभ्या केलेल्या दहा-बारा झोपड्या दिसल्या.

"गावाचं नाव?"

"ते त्यांलाच ठावं. सायबाच्या नकाशात बी न्हाई. तिकडं आपल्यावानी गावाला गाव लागून न्हाई, आप्पा. दोन दिस चालावं, तवा दुसऱ्या चुलीचा धूर दिसतो. पर मानसं लय भली. कंदं भाजून घातली, लपीवलं. पोकळ लाकडाचा ढोल हुता त्यांचा. जपानी आला की वाजवायचे. तीन ठोके, जरा थांबून एक. की आमी झाडीत."

"आन् एक दिस ढोल वाजलाच न्हाई," हरणाबाई तव्याकडं बघत म्हणाली.

हे आपण मघाशी सांगितलं होतं का, ते नाथाजीला आठवेना. सांगितलं असणार.

"व्हय, वैनी. ढोलवाल्याला आधीच संगिनीनं भोसकला."

मग झोपड्या पेटल्या. गावच्या म्हाताऱ्या कारभाऱ्याला खांबाला बांधून जिता जाळला. बायापोरं पाण्यात पळाली, तर त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. काठचं पाणी लाल झालं.

"आमी दोघं खाडीकडं पळालो. तितं एकाची होडी हुती. होडी कसली, पोखरलेलं खोड. नावाडी धरून दोघंच मावायची."

कोयता थांबला. "आन् तुमी तर दोघं."

"मानसिंग म्हनला, नाथा, तू बस. म्या म्हनलं, न्हाई गड्या, तू. तेवढ्यात एक जपानी तलवार घिऊन आला. मानसिंग आडवा झाला. नावाड्यानं वल्हं हानून जपान्याला पाडला, पर उशीर झाला हुता. माझ्या मांडीवर जीव सोडला त्यानं. ह्या हातांनी वाळू लोटली, मग होडीत बसलो."

नाथाजीनं खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत काळा करदोडा होता, त्यात ओवलेला चांदीचा ताईत. जित्या माणसाची कंबर कधी मोकळी राहत नाही. जुना काढायच्या आधी नवा बांधतात, आणि करदोडा कापला जातो तो मेल्यावरच. या मुलखात सरकारी शिक्क्यापेक्षा ही खूण मोठी.

आप्पासोनं ताईत ओळखला. "ह्यो त्याच्या आयनं बांधला हुता." कापलेलं टोक त्यानं बोटांनी चाचपलं. "मेल्यावर कापलास?"

"आवं, जित्याचा कोन कापंल?"

"व्हय की. जित्याचा कोन कापंल."

हरणाबाईनं ताटल्या वाढल्या. जेवणारे पुरुष दोन आणि ताटल्या तीन. तिसरी घेऊन ती आतल्या खोलीत गेली. मानसिंगाच्या वेळचं म्हातारं कुत्रं त्या दारात आडवं पडलं होतं. ते शेपूट हलवत उठलं आणि बाजूला झालं.

नाथाजीच्या जिवात जीव आला. मेलेल्याचं पान वाढलं, म्हणजे बाईनं मानलं. आता उरलेलं बोलायला हरकत नव्हती.

"मरताना त्यानं माझ्याकडनं एक शबूद घेतला, आप्पा. हरणाला उगड्यावर टाकू नगंस म्हनला."

"म्हंजी पाट?"

"तुमी म्हनाल तर."

आप्पासो उठला. बाहेरचं कवाड लावून त्यानं आडणा सरकवला. कोयत्याची धार अंगठ्यावर पाहिली.

"मला इचारून काय उपेग? ज्याचं त्याला इचाराय पायजे." मग जरा थांबून म्हणाला, "आन् घाव पुढनंच म्हनतोस?"

"पुढनंच. तुमच्या पायाची आन."

आतल्या खोलीच्या दारावर ठोके पडले. तीन. जरा थांबून एक.