वालिदांचा धडा

"तुम्हारे वालिद कहाँ हैं?" शाळा तपासायला आलेल्या मोहतमीमसाहेबांनी पहिल्या धड्यातला पहिला प्रश्न विचारला, आणि महालिंगप्पा मास्तर धास्तावले.

वालिद म्हणजे वडील. पुस्तकातलं उत्तर होतं, 'मेरे वालिद घर में हैं.' मास्तरांनी ते पोरांकडून वर्षभर घोकून घेतलं होतं. शाळेची रीतच तशी होती. एकानं उभं राहून सांगायचं आणि बाकीच्यांनी ते एका सुरात तसंच्या तसं म्हणायचं. घरी मराठी-कानडी बोलणाऱ्या पोरांच्या गळी उर्दू उतरवायची दुसरी वाट मास्तरांना सापडली नव्हती.

सकाळी साहेबांशी त्यांची यावरूनच जुंपली होती. "पोरं घरच्या बोलीत शिकली तर त्यांना कळंल तरी, साहेब." साहेब माणूस वाईट नव्हता. "मास्तर, सगळ्या रियासतीत एक किताब, एक सवाल, एक जवाब. मुरूमकडचं पोर हैदराबादच्या पोराबरोबर एकाच इम्तिहानाला बसावं, हे तुम्हाला नको का?" खरं तर मास्तरांनाही ते हवंच होतं.

पण आत्ताची धास्ती वेगळी होती. साहेबांच्या मागं पोलिसांचे अमीन, म्हणजे फौजदार, उभे होते, आणि दारात गावचे पाटील हणमंतप्पा. निजामाविरुद्ध उठलेला श्रीमंत नावाचा गडी गावातच लपलाय, ही खबर पाटलांनीच पोचवली होती. श्रीमंत स्वतःच्याच घरात होता, जमिनीखालच्या ज्वारीच्या रिकाम्या पेवात. पेवाचं तोंड सारवून टाकलेलं, म्हणून झडती वाया गेली होती. मोठ्यांची तोंडं उघडेनात, तेव्हा अमीन शाळेत आले.

"वो लडकी." त्यांनी श्रीमंताच्या लेकीकडं, तारामतीकडं बोट केलं. "उसको पूछो."

तारामती उभी राहिली. पुस्तकातलं उत्तर आणि खरं उत्तर एकच होतं. आपणच शिकवलेलं वाक्य आता एका माणसाचा जीव घेणार, म्हणून मास्तरांनी मनातल्या मनात देवाचा धावा केला.

"मेरे वालिद मर गए," ती म्हणाली.

आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "मेरे वालिद मर गए."

कुणी अडखळलं नाही. कुणी हसलं नाही. ज्यांचे बाप त्या घडीला रानात कुळव हाकत होते, तीही पोरं तेच म्हणाली. कुणाची पापणीसुद्धा लवली नाही. रोजची ही पोरं, पण आज मास्तरांना त्यांची भीती वाटली.

"गलत!" साहेब ओरडले. "फिर से!"

"मेरे वालिद मर गए." तोच सूर, तेच डोळे.

अमीन वैतागले. "तोते हैं सब. चलो," म्हणत ते वळलेसुद्धा.

हाती आलेली शिकार निसटताना पाहून पाटलांना राहवेना. पहिल्याच ओळीत त्यांची लेक रुद्रम्मा बसली होती, तारामतीची जिवाभावाची मैत्रीण. ते दारातून आत आले.

"रुद्रम्मा, ऊठ बाळ," ते गोड आवाजात म्हणाले. "तू रोज तारीकडं खेळाया जातीस. तिचा बाप कुठं हाय, साहेबास्नी सांग. भिऊ नको, म्या हाय की इथं."

रुद्रम्मा उभी राहिली. बापाच्या डोळ्यांत बघत सावकाश म्हणाली, "मेरे वालिद मर गए."

या वेळी मागून कुणीच म्हटलं नाही.