माहेरचे दहा दिवस

मदत केंद्रातल्या अर्जावर मृण्मयीने लिहिलं, ‘नवऱ्याने पासपोर्ट चोरला.’ शेजारी बसलेल्या आईने, कुमुदताईंनी, वाचून न वाचल्यासारखं केलं.

दहा दिवसांसाठी तिला माहेरी सोडून जावई मेलबर्नला गेला, त्याला पाच महिने झाले. फोन उचलत नव्हता. बायको विसरला, सासूने दिलेलं दोन किलो मेतकूट मात्र आठवणीने नेलं. शेजारणींना कुमुदताई व्हिसाच्या थापा मारत.

"जे घडलं तेच लिहा हं," समुपदेशक बाई म्हणाल्या. "तिकडचे वकील शब्दाशब्दाला धरतात."

कुमुदताईंनी अर्जावर हात ठेवला. "चोरला नाही गं. तू आंघोळीला गेलीस तेव्हा जावईबापूंनी मागितला, मी कपाटातून काढून दिला. जावयाला नाही कसं म्हणायचं?"

मृण्मयीने आईकडे पाहिलं नाही. ती ओळ खोडून तिने लिहिलं, ‘आईने दिला.’